डीजेवर सोबाने

चन्नम्मा कलशेट्टीचा आवाज मोठा होता आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीहून लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि वर्षभरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलचे काठ शिवायला लागली. भिंतीपलीकडे चाळीस माग धडधडत असायचे. "दोरा दे" म्हणायचं तरी छाती भरून ओरडावं लागे. अठ्ठावीस वर्षं अशी गेल्यावर ती घरात नवऱ्याच्या कानात काही गुपित सांगू लागली, की शेजारचे लोक टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या बसव्वाच्या पोरीची, संस्कृतीची, हळद होती. सकाळी नऊलाच गल्लीच्या तोंडाशी पिकअप येऊन थांबली. त्यावर छताएवढे स्पीकर, आणि स्पीकरांच्या मधोमध डोक्याला लाल रुमाल बांधलेली एक पोरगी. माळशिरसची ऋतुजा. डीजे तीच वाजवायची, गाडीही तीच चालवायची. गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशी सगळीच घरं. म्हणून ऋतुजा दर दोन गाण्यांनी भाषा बदलत होती. कोळीगीत लागलं की एक दार उघडे, तेलुगू सिनेमाचं गाणं लागलं की समोरचं, कव्वाली सुरू झाली की कोपऱ्यावरचे चाचा लुंगी सावरत बाहेर. ताटातली हळद थरथरत होती.

तेवढ्यात नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली. संस्कृती पाटावर बसली. आता बायकांनी सोबाने म्हणायची. सोबाने म्हणजे कानडी घरांतली मंगलगाणी. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी शेवटी 'सोबाने' म्हणून सूर धरायचा. पण त्या गदारोळात शेजारणीचं बोलणं ऐकू येईना, तिथं सोबाने कुठली!

"चन्नम्माक्का, राहू दे आता," संस्कृतीची आई बसव्वा हिरमुसून म्हणाली. "आजकाल कोण ऐकतंय?"

"का राहू दे?" चन्नम्मानं पदर खोचला. "नुसती मुक्यानं हळद लावायची व्हय?"

एक गाणं संपून दुसरं लागायच्या आत तिनं सूर लावला. "अरशिण हच्चरी, सोबाने..." हळद लावा गं, हळद लावा. दुसरं गाणं दणक्यात सुरू झालं. चन्नम्मा थांबली नाही. उलट उभी राहिली. ऋतुजाला स्पीकरच्या वरून काहीतरी ऐकू आलं. तिला वाटलं वायर सैल झाली. तिनं वायर तपासली, आवाज वाढवला. चन्नम्मानंही वाढवला. ऋतुजानं मान वर केली, तेव्हा तिला ती हिरव्या इरकलीतली बाई दिसली.

मग तिनं गाणं काढून टाकलं आणि नुसता ठेका ठेवला. चन्नम्माच्या ओळीला बरोबर बसेल असा. धुम् ततक, धुम् ततक.

झालं! ठेका मिळताच चन्नम्माच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. कानडी संपलं तशी ती मराठीत शिरली आणि जागच्या जागी ओळी जुळवू लागली.

"हळद आली कारमधून, सोबाने! कारला धक्का व्याह्यांचा, सोबाने!"

पाहुण्यांची गाडी खरंच कोपऱ्यावर बंद पडली होती. व्याही घामाघूम उभे होते. सगळी गल्ली खदाखदा हसली. नवरदेवाची आत्या सुंदरम्मा मात्र कमरेवर हात ठेवून पुढं आली. आता भांडण होणार, म्हणून बसव्वा मधे पडायला उठली.

"गाडी आमची थकली गं, सोबाने," सुंदरम्मानं ठणकावलं, "तुमचा रस्ता खड्ड्यांचा, सोबाने!"

मग काय विचारता! इकडून एक, तिकडून एक. व्याही नाचले, चाचा नाचले, पाटावरची नवरी हळदीच्या अंगानं उठून नाचली. चन्नम्माची एक चप्पल गर्दीत कुठं गेली ती गेलीच.

तीन दिवसांनी ऋतुजा चन्नम्माच्या दारात हजर.

"मावशी, रविवारी माझ्या गावात हळद हाय. येता का माझ्यासंगं? गाडीवर बसून म्हणायचं, माईकवर."

"अय्यो, मला माईक?" चन्नम्मा लाजून लाल झाली. "छप्पन्न वर्षांची बाई मी. लोक काय म्हणतील?"

तिचा नवरा गुरुलिंग अबोल माणूस. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "जा की. इतकी वर्षं मी एकट्यानं ऐकलं. आता जिल्हा ऐकू दे."

माळशिरसला कानडी कुणालाच कळत नव्हतं. म्हणून चन्नम्मानं वाटेतच ऋतुजाकडून त्या घरचा ऊस, बागायत, सोयरे असं सगळं विचारून घेतलं आणि मराठी ओळी बांधल्या. पिकअपवर चढून तिनं माईक हातात घेतला. पहिल्या दोन ओळींना 'सोबाने' कुठं म्हणायचं ते कुणाला कळेना. तिसऱ्या ओळीला पोरींनी 'सोबाने' उचललं आणि तिला एकदम हलकं वाटलं.

तोच गर्दीतून नवरदेवाचे आजोबा, ज्ञानबा, काठी आपटत गाडीकडं निघाले. भावकीतल्या प्रत्येक लग्नात त्यांनी डीजे बंद पाडलेला. माणसं बाजूला झाली. ऋतुजानं हात बटणावर नेला.

"पोरी," म्हातारा काठी उगारून ओरडला, "त्या डब्यांचा आवाज कमी कर. बाईचा न्हाय!"

ऋतुजानं ठेका बारीक केला. म्हातारा हलेना.

"आणि बाई, सगळ्यांवर म्हणालीस. माज्यावर कुटं म्हणालीस?"

चन्नम्मानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. फेटा, मिशी, नवी कोरी पांढरी पायताणं.

"आजा निघाला वरातीला, सोबाने! कोण नवरा कळंना, सोबाने!"

ज्ञानबानं काठी सुनेच्या हातात दिली, मिशीवरनं बोटं फिरवली आणि दोन्ही हात वर करून ते गर्दीच्या मधोमध शिरले.