सात नंबर ताई

सात नंबर ताई कोणाच्याही कीबोर्डला हात लावायची नाही. मदतीला बोलावलं की यायची, खुर्चीमागे उभी राहायची आणि ओंजळीतले फुटाणे खात पडद्याकडे बघायची. आपण उठून तिला खुर्ची देऊ केली तर म्हणायची, "बस खाली. बिघडलं तुह्यं, बोटं माही कायले?" सुरुवातीला मला वाटायचं, ही ताई गर्विष्ठ आहे. लॅबमधल्या निम्म्या मुलींना शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं.

ती एम.एस्सी.ला होती आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमचं कॉलेज यवतमाळात. ती मुकुटबनची, मी दिग्रसजवळच्या एका खेड्यातली. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. पडद्यावर काही लाल उमटलं की मी ते न वाचताच पुसायची. ताईने ती सवय पहिल्याच आठवड्यात मोडली. "आधी वाच. मोठ्यानं वाच," ती म्हणाली. मी अडखळत सगळं वाचलं. लॅबमधली पोरं हसली. ती त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "तो तुले शिव्या नाही देऊन राह्यला, पत्ता सांगून राह्यला. कोणत्या दारावर अडवलं, ते लिहिलं हाये त्यात."

तिला सात नंबर का म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं, आणि तेही हसत. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक टूल टाकताना तिला परवानगीची अडचण आली. लॅबच्या सरांनी नेहमीप्रमाणे मुख्य पासवर्ड टाकून दिला आणि तो चालू ठेवूनच ते चहाला गेले. अडचण पुन्हा येऊ नये म्हणून तिने सगळ्या सिस्टिमची मालकी एका दमात स्वतःच्या नावावर करून टाकली. त्यानंतर सात नंबरच्या संगणकाने खुद्द सरांचाही पासवर्ड मानला नाही. तो पुसून पुन्हा नव्याने बसवावा लागला. तिला माफीनामा लिहायला सांगितलं, तो तिने लिहिला. पण यापुढे तुला पासवर्डची मदत मिळणार नाही आणि तू सात नंबरवरच बसायचं, असंही ठरलं. "मग काय," ती म्हणाली, "त्यायच्या चावीविना राहाचं शिकली मी."

आमच्या लॅबची रीत अशी होती, की काहीही नवं टाकायचं तर 'सविनय' अर्ज लिहायचा, विभागप्रमुखांची सही आणायची, मग लॅबचे सर येऊन एका हाताने कीबोर्ड झाकत दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकणार. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या घरच्यांनी सगळीकडे असंच उभं राहून काम करून घेतलेलं होतं. ताईने मात्र त्या माफीनाम्यानंतर लॅबमध्ये एकही अर्ज लिहिला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. संगणकावर प्रत्येकाला आपलं एक फोल्डर दिलेलं असतं, ते आपलं घर. तिथे आपलं सामान मांडायला कोणाला विचारायचं कारण नाही. "दुसऱ्याच्या घरात भांडे मांडले, तर दरवेळी त्याचंच दार वाजवा लागते," ती म्हणायची. मी मान हलवायची आणि अर्ज लिहायची.

शेवटच्या परीक्षेत माझ्या प्रकल्पाचं सादरीकरण दुपारी होतं. बाहेरच्या परीक्षक यायच्या होत्या. प्रकल्प चालायला एक टूल लागायचं. काळ्या खिडकीत कमांड टाइप केली, की ते प्रकल्पाचे सगळे सुटे भाग आणून जोडायचं. जुनी आवृत्ती चालेना म्हणून लॅबच्या सरांनी आदल्या दिवशी ती काढून टाकली होती आणि नवी सकाळी टाकून देतो म्हणाले होते. सकाळी कळलं, की त्यांच्या घरात कोणी वारलं म्हणून ते पहाटेच उमरखेडला गेले. फोन लागत नव्हता. मी स्वतः टाकून पाहिलं तर 'परमिशन डिनाइड'. सादरीकरण नाही तर गुण नाहीत, आणि वर्ष जाणार. बाबांनी मला शिकायला पाठवताना तीन वर्षं म्हटलं होतं. चौथ्या वर्षाचा विषयच आमच्या घरात नव्हता.

मी अर्ज लिहायला कागद काढला. ताई मागे येऊन उभी राहिली. "कोणाले देशीन? उमरखेडले पाठवतं का?" मला रडू आलं. ती थांबली, फुटाणे संपवले, आणि म्हणाली, "झालं? आता वाच."

मी वाचलं. टूल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरायला बघत होतं. ताईने सांगितलं तसं मी त्याला माझ्या घरच्या फोल्डरचा पत्ता दिला. पुन्हा चालवलं. पुन्हा तीच नकारघंटा. या वेळी तर माझ्याच घरात मला मनाई होती. ताईने मला आतल्या सामानाची यादी मालकांच्या नावांसकट काढायला लावली. टूल जिथे आपली साठवण ठेवतं, त्या फोल्डरवर माझं नाव नव्हतं, 'रूट' होतं. रूट म्हणजे मुख्य पासवर्डाचा धनी. सरांनी मागे कधीतरी माझ्या खात्यावरून पासवर्ड टाकून टूल बसवलं होतं, तेव्हाचं ते. "पाह्य," ताई म्हणाली, "सर तुह्या घरात येऊन गेले आन् आपल्या नावाचे डबे ठेवून गेले."

मी ते पुसायला गेले. नाही पुसलं गेलं. मी हात मांडीवर ठेवले. माझ्याच घरातली वस्तू आणि मला काढता येत नाही, याचं मला नवल वाटलं नाही, याची मात्र आज चीड येते.

"काढता येत नाही ना? मंग राहू दे. बाजूले सरकव," ताई म्हणाली. "डबा त्यायचा हाये, ओटा तर तुहा हाये ना?"

मी त्या फोल्डरचं नुसतं नाव बदललं. काय नाव द्यावं सुचेना, म्हणून 'सरांचं' असं दिलं. संगणकाने चूं केलं नाही. जुनं बाजूला झालं, त्या जागी टूलने माझ्या नावाचं नवं फोल्डर उघडलं आणि सुटे भाग एकेक उतरू लागले. पडद्यावर ओळी धावत होत्या. ताई तोवर सात नंबरवर जाऊन बसली होती.

दुपारी परीक्षक मॅडम माझ्याजवळ आल्या. सोबत विभागप्रमुख होते. टूल चालताना बघून विभागप्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. लॅबचे सर नसताना हे कोणाच्या परवानगीने टाकलं, असं त्यांनी विचारलं. उत्तर आपल्याला माहीतच आहे, अशा थाटात ते सात नंबरकडे वळले. माफीनामा लिहून दे, मग पुढचं पाहू, असं ते तिला म्हणाले.

ताई उभी राहिली. मागे बांधलेले हात तिने समोर केले आणि रिकामे तळवे दाखवले. मग तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मला कळलं, की ती कोणाच्या कीबोर्डला हात का लावत नाही.

"सर, मी टाकलं," मी म्हणाले. "माझ्या फोल्डरमध्ये टाकलंय. तुमच्या एकाही फाइलला हात लावला नाही. कसं टाकलं ते मी सांगू शकते."

विभागप्रमुख काही बोलायच्या आत मॅडमनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. मध्येच माझी पुस्तकी भाषा संपली आणि मी घरच्यासारखं बोलू लागले. 'सरांचं' हे नाव दिसल्यावर मॅडम हसल्या. विभागप्रमुख हसले नाहीत. माफीनामा कोणीच लिहिला नाही. मी पास झाले.

ताईची परीक्षा संपली आणि ती निरोप न घेता गेली. नंतर कळलं, हैदराबादला नोकरीला लागली. मुकुटबनहून सीमेपलीकडच्या आदिलाबादची वाट जवळ, तिला तेलुगू थोडी यायची. घरच्यांनी जाऊ दिलं का, असं मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "विचाराचं नाही, सांगाचं. सांगून आली." मग तिचा नंबर बदलला. आता बोलणं होत नाही.

मी सध्या नागपुरात एका छोट्या कंपनीत आहे. परवा कॉलेजमधल्या एका मुलीचा फोन आला. तीच अडचण, तेच दार, आणि सर रजेवर. "ताई, तुम्ही येऊन करून द्याल का?" तिने विचारलं. यवतमाळची बस तासाभरात होती. गेले असते तर झालंही असतं.

"मी कायले?" मी म्हणाले. "वाच. मोठ्यानं वाच."