अकरा दिवसांचा अंगरखा

खरं सांगा, बिडी-सिगरेट सोडायला बसलेल्या माणसाला ‘अरे घे रे, एकानं काय होतंय?’ असं तुम्ही कधी म्हटलंय की नाही? मान हलवू नका. म्हटलंय. टपरीवर म्हटलंय, मांडवामागं म्हटलंय, ऑफिसच्या जिन्यात म्हटलंय. आणि त्यानं घेतली की तुम्हीच खिदळलाय, ‘सोडणार म्हणे, बघा हे!’ त्या एकानं काय होतं ते म्हैसूरच्या शिवरामपेठेतल्या दत्तोजीराव शिंप्यांना विचारा. त्यांच्या हातात सुई असेल, मान वर करायचे नाहीत, म्हणून इथंच ऐका.

दत्तोजीराव छप्पन्न वर्षांचे. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, आणि पाय पसरले तर रस्त्यावर येतील एवढं दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, राग आला की दोन्ही एकदम. उजव्या कानावर खडू, डाव्या कानावर बिडी. चाळीस वर्षांत एकदाच कानांची अदलाबदल झाली, तेव्हा त्यांनी खडू पेटवायचा प्रयत्न केला होता. दिवसाला दोन बंडलं जायची. दुकानातला विठोबाचा फोटो काढला की मागं पांढरा चौकोन दिसायचा, बाकी भिंत चहाच्या रंगाची.

पण पेठेत या माणसाला मान होता, आणि तो एका कामाचा. गल्लीच्या टोकाला भावसारांचं विठ्ठल मंदिर आहे. तिथं कार्तिकी एकादशीला देवाला नवा रेशमी अंगरखा चढतो, आणि तो दत्तोजीरावांच्या आज्यापासून त्यांच्याच घरात शिवला जातो. सोपं वाटतं? देव उभा कमरेवर हात ठेवून. दगडाचे हात, ते काही बाहीत शिरायला वर होत नाहीत. म्हणून अंगरखा फक्त खांद्यावर जोडायचा आणि बाहीपासून घोळापर्यंत दोन्ही कुशी उघड्या ठेवायच्या. पुजाऱ्यानं डोक्यावरून सोडायचा आणि कुशींना बंद बांधायचे. शिवायचं कुठं नाही, हे ज्याला कळतं त्यालाच देवाचा शिंपी म्हणायचं, असं दत्तोजीरावांचा बाप सांगायचा. हे वाक्य दत्तोजीराव गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवायचे की गिऱ्हाइकं ते पुरं करायची.

या मानाला आग लागली ती अंबूताईंमुळं. अंबूताई शाळेतून रिटायर झालेल्या, वय बहात्तर, देवाच्या कपड्यांची पेटी त्यांच्या ताब्यात. नाक असं की कुणाच्या घरी काय शिजलंय ते चौकातून सांगतील. एकादशीला अकरा दिवस होते. नवं रेशीम द्यायला त्या दुकानात आल्या, आणि बरोबर गेल्या वर्षीचा अंगरखा.

“दत्तोजी, हे काय?”

“तुळशीचं पान, अंबूताई. जरीत भरलंय. शोभेला.”

“देवाच्या पोटावर? एकच पान? तेही डाव्या कुशीला?”

“डिझाइन असतं हो आजकाल तसं.”

अंबूताईंनी कापड उलटं केलं. पानाच्या पाठीला वाटाण्याएवढं भोक, कडा काळी. बिडीची ठिणगी. गेल्या वर्षी शिवताना पडली होती आणि दत्तोजीरावांनी त्या भोकावर पान उगववलं होतं.

“वर्षभर देवाच्या अंगावर तुझी बिडी होती,” अंबूताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. शाळेतल्या पोरांना याच आवाजाची भीती वाटायची. “रेशीम ठेवून जाते. एकादशीपर्यंत एक बिडी जरी ओढलीस तर कातर खाली ठेवायची. मला विचारायची गरज पडणार नाही, मला वास येतो. मान मग समोर मानाजीकडं जाईल.”

समोरच्या दुकानातले शिंपी मानाजीराव तेव्हा दारातच बिडी ओढत उभे होते. त्यांना ठसका लागला. तो आनंदाचा की घाबरून, ते पेठेला अजून कळलेलं नाही.

दत्तोजीरावांनी त्या रात्री पहिलं काम केलं ते शिंप्याचं. बंडल टाकलं गटारात आणि स्वतःच्या पाची शर्टांचे खिसे शिवून बंद केले. बिडी ठेवायला जागाच नको. सकाळी त्यांची बायको वरलक्ष्मी शर्ट हातात घेऊन उभी.

“अहो, खिसे कुणी शिवले हे?”

“मीच.”

“मग दुकानाची किल्ली कुठं ठेवणार?”

“कमरेला बांधीन.”

“किल्लीचं झालं. अक्कल कुठं ठेवणार?”

पहिल्या दिवशी कॉफी सोडावी लागली, कारण कॉफी पोटात गेली की हात आपोआप डाव्या कानावर जायचा. म्हैसूरच्या माणसानं कॉफी सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, पोट साफ झालं नाही, आणि रेडिओवरची बाई आपल्याला चिडवतेय असं वाटून त्यांनी रेडिओला उशी बांधली. तिसऱ्या दिवशी एक बाई ब्लाउज दोन इंच सैल करा म्हणाली, तर म्हणाले, “ब्लाउज का? तोंड आवळा!” बाई ब्लाउज तिथंच टाकून गेली. वरलक्ष्मी तिच्या घरी जाऊन माफी मागून आली आणि येताना नवऱ्याचं तोंड गुंतवायला डबाभर कोडबळी तळायचं ठरवूनच आली. तांदळाच्या पिठाच्या त्या तिखट कडकडीत कड्या. दत्तोजीराव त्या दिवसाला चाळीस खायला लागले. शिवाय गालात कायम लवंग. बोलले की दातांच्या दवाखान्यासारखा वास यायचा.

खरी युक्ती मात्र वरलक्ष्मीनंच आणली. आरोग्य केंद्रातली नर्स तिला म्हणाली होती, तलफ ही पाहुण्यासारखी नसते, मुक्काम करत नाही. येते, पाचेक मिनिटं दंगा करते, जाते. तेवढा वेळ हात गुंतवायचे.

“पाच मिनिटं,” दत्तोजीराव म्हणाले. “पाच मिनिटांत माझी एका पँटची तुरपाई होते.”

“मग करा की.”

झालं. तलफ आली की मशीन सोडायचं, सुई उचलायची आणि हाताला येईल ते शिवत सुटायचं. छाती फुटेस्तोवर शिवायचं, दात आवळून, श्वास नाकातून. तलफ ओसरली की सुई खाली. चौथ्या दिवसापर्यंत दुकानातल्या सगळ्या पँटी, परकर, पडदे यांच्या कडा दुमडून झाल्या. मग घरातलं निघालं. उशांचे अभ्रे उशांसकट शिवले गेले. पायपुसण्याला किनार आली. वरलक्ष्मीच्या पिशवीला इतकी बटणं लागली की भाजी काढायला वेळ लागायचा. आणि टाके काय विचारता! पेठेत कुणी घातले नाहीत असे. मुंगीला चिमटा काढावा तसे.

सहाव्या दिवशी सत्यनारायण आले. नजरबादला सरकारी कचेरीत क्लार्क, शांत माणूस, दोन पँटी आदल्या दिवशी घेऊन गेलेले. आज शांत नव्हते.

“इदेनु स्वामी?” त्यांनी पँट टेबलावर आपटली. हे काय आहे, म्हणून. “खिसे कुठं आहेत माझे?”

दत्तोजीरावांनी पाहिलं. चारही खिसे शिवून बंद. तोंडाशी इतके सफाईनं की खिसा होता हेच कळू नये.

“साहेबासमोर उभा होतो. शिंक आली. रुमालासाठी हात घातला तर हात आपला मांडीवरून खाली, परत वर, परत खाली. साहेब म्हणाले, खाजतंय का? घरी जाऊन औषध लावा!”

“सत्यनारायण, राग मानू नका,” दत्तोजीराव ओशाळून म्हणाले, पण नजर पँटवरून हलेना. “टाके तरी बघा. दिसतात का कुठं?”

“तेच तर म्हणतोय मी!”

दोन्ही पँटी उसवून दिल्या. पण त्या दिवशी दत्तोजीराव हबकले. डोकं ठिकाणावर नसताना हात आपलं आपण चालतो, हे त्यांना कळलं. कळून करणार काय? हात रिकामा ठेवला तर तो बिडीकडं जात होता.

नवव्या दिवशी त्यांनी आंघोळ करून देवाचं रेशीम कापलं. केशरी, मोरपंखी काठाचं. दहाव्या दिवशी दुपारपर्यंत खांदे जोडले, काठ लावला, बंद शिवले. फक्त उघड्या कडांना हातशिलाई घालायची राहिली होती. तेवढ्यात मानाजीराव रस्ता ओलांडून आले आणि दारात उभे राहून त्यांनी पेटवली.

लोक म्हणतात, मानाजीरावांना तो मान हवा होता. खोटं आहे. मानाजीरावांना एकट्याला बिडी गोड लागत नव्हती, एवढंच. तीस वर्षं दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांकडं बघत ओढत आले होते. जोडीदार गेला होता त्यांचा.

“घ्या हो एक,” मानाजीराव म्हणाले. “अंबूताई काय तुमच्या खिशात बसल्यात?”

“मला खिसाच नाही. आणि लांब उभा राहा, रेशीम आहे.”

मानाजीराव लांब झाले. धूर झाला नाही. तो सरळ आत आला, दत्तोजीरावांच्या नाकात शिरला आणि चाळीस वर्षांची ओळख सांगायला लागला. डोळ्यांपुढं अंधारी आली. तोंडाला पाणी सुटलं. दत्तोजीरावांनी दोन लवंगा एकदम फोडल्या, सुई उचलली आणि मान खाली घालून शिवत सुटले. समोर काय आहे ते दिसत नव्हतं, फक्त सुईचं टोक दिसत होतं. ही तलफ पाच मिनिटांची नव्हती, तिनं आपली सगळी बहीण-भावंडं आणली होती. ती गेली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि शिलाई संपली होती. दत्तोजीराव मोठ्यांदा हसले. जिंकलो म्हणाले. अंगरख्याची घडी पांढऱ्या धोतरात बांधली आणि दिवस मावळायच्या आत देवळात पोचवून आले.

एकादशीला सकाळी अभिषेक झाला, पडदा ओढला. बाहेर टाळ चालू, दत्तोजीराव पहिल्या रांगेत, बिनखिशाच्या शर्टात, मान ताठ. पडदा पाच मिनिटांत सरकतो. दहा झाली. पंधरा झाली. मग पडद्याच्या कडेतून अंबूताईंचं डोकं बाहेर आलं.

“दत्तोजी. आत ये.”

आत पुजारी कपाळाला हात लावून बसले होते. अंगरखा देवाच्या गळ्यातून उतरून कोपरांशी अडकला होता. दोन्ही कुशी बाहीपासून घोळापर्यंत शिवलेल्या. इवल्या इवल्या टाक्यांनी. विठ्ठल त्या पिशवीत असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, आता हाच चिडून कमरेवरचे हात काढेल.

दत्तोजीरावांनी आपले टाके ओळखले. शिवायचं कुठं नाही, तिथंच त्यांनी शिवलं होतं.

“ओढलीस?” अंबूताईंनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे हे शुद्धीत केलंस?”

अंगरखा काढून दत्तोजीराव मागच्या दाराबाहेरच्या पायरीवर उसवायला बसले. बाराला आरती, अकरा वाजत आलेले. टाके इतके बारीक की कातरीचं टोक शिरेना. जोर लावावा तर रेशीम फाटणार. आणि बोटं थरथरायला लागली, अशी की सुई धरावी तर सुईच लवलवते. तीन पिढ्यांचा मान मांडीवर पडला होता आणि धन्याचे हात ऐकत नव्हते.

मानाजीराव मागून आले, पायरीपासून दूर, भिंतीशी उभे. हातात पेटती बिडी. चेहऱ्यावर खरीच कळकळ.

“दत्तोजीराव, दोन झुरके मारा. हात थांबेल. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. एकानं काय होतंय?”

आणि हे खोटं नव्हतं, हीच तर अडचण. दोन झुरक्यांत हात थांबला असता. दत्तोजीराव अंगरखा पायरीवर ठेवून उठले, भिंतीशी गेले आणि बिडी बोटांत घेतली. बोटांनी ती अशी धरली, जसं काही अकरा दिवस गेलेच नव्हते. ओठांपाशी नेली. तेवढ्यात टोकावरची राख गळाली आणि खालून लाल ठिणगी दिसली. वाटाण्याएवढी.

दत्तोजीरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग बिडी खाली टाकून चपलेनं रगडली, आणि असे भडकले की टाळ वाजवणारे थांबले.

“मानाजी! बिडी धरायला दोन बोटं आहेत, सुई धरायला नाहीत? शिंपी आहेस की सरपण? हात धू, बस इथं, डावी कुस तू उसव!”

“मी? देवाचा कपडा?”

“मग काय माझी चड्डी? बस!”

मानाजीराव हात धुऊन बसले. दोघं शिंपी एका पायरीवर, मध्ये एक अंगरखा, टाका टाका उसवत. अंबूताई बारीक चिमटा घेऊन आल्या आणि थबकल्या. नाक वर गेलं.

“धूर कुणाचा?”

“माझा,” मानाजीराव खाली बघत म्हणाले. “त्यांनी घेतली होती हातात. ओढली नाही.”

अंबूताई वाकल्या आणि दत्तोजीरावांच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगलं, जसं मांजर दुधाचं भांडं हुंगतं.

“लवंग,” त्या म्हणाल्या. “कोडबळी. आणि घाम.” चिमटा त्यांच्या हातात दिला. “आटप. देव उघडा उभा आहे.”

बाराला पाच कमी असताना अंगरखा चढला. केशरी रेशमावर दोन्ही कुशींना सुईच्या भोकांची रांग दिसत होती, जवळ गेलं तरच. अंबूताईंनी ती बोटानं चाचपली. “गेल्या वर्षी बिडीचं होतं,” म्हणाल्या, “हे सुईचं. चालेल.” आणि पडदा सरकवला.

याला आता सहा महिने झाले. दत्तोजीरावांच्या शर्टांना खिसे अजून नाहीत. कॉफी परत सुरू झाली, कोडबळ्यांमुळं पोट मात्र वाढलंय, आणि स्वतःचा शर्ट दोन इंच सैल करताना ते कुणाला दुकानात येऊ देत नाहीत. मानाजीराव ओढतात, पण कोपऱ्यापलीकडं जाऊन. तलफ कधीमधी येतेच, मेली. जेवणानंतर येते, भांडण झालं की येते. मग दत्तोजीराव ओरडतात, “कुणाचं काही फाटलंय का?” आणि गल्लीतली बायका-माणसं जे असेल ते घेऊन धावतात.

तेव्हा एवढं करा. तुमच्या घरात, गल्लीत, ऑफिसात कुणी सोडायला बसलं असेल, तर त्याच्यापुढं पाकीट धरू नका. शर्टाचं एक बटण तोडा, तो शर्ट त्याच्या हातात द्या आणि पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. तो चिडेल, शिव्या देईल. दे म्हणावं. तुम्ही उठू नका.