डोळे मिटून मारलेला टोमणा

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी साताऱ्यात, आमच्या घरी, संध्याकाळची प्रार्थना मध्येच मोडली.

जेवणाआधी आम्ही चौघं बसतो. सासूबाई, माझा नवरा अविनाश, मी आणि नववीतली आमची रूथ. एक गीत, बायबलमधला एक उतारा आणि मग कुणीतरी प्रार्थना करतं... बहुतेक वेळा मीच.

रूथच्या वर्गातल्या मुलांचा ग्रुप माझ्याच फोनवर आहे. त्या दुपारी त्यात रूथच्या आवाजातली एक क्लिप सापडली. वर्गात यंदा आटपाडीकडची एक मुलगी आलीय, स्वाती, होस्टेलवर राहते. (नाव बदललंय.) तिच्या बोलण्याची नक्कल होती ती. "आवं मॅडम, आमी कवाच आलोय, तुमीच बघितलं न्हाई." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

खरं सांगते, आधी मीही हसले. इतकी हुबेहूब होती... मग पुढचे मेसेज वाचले. कुणीतरी ती क्लिप ट्यूशनला स्वातीसमोरच लावली होती. तेव्हापासून ती वर्गात बोलत नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची, आणि ग्रुपवर त्याचीही गंमत चालली होती.

रूथ घरी आली तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. राग होता, पण वाद नको होता. प्रार्थनेची वेळ झाली तशी डोळे मिटून सुरू केलं... हे प्रभू, या घरातल्या जिभांना आवर घाल. ज्यांना तू चांगला आवाज दिलास त्यांनी तो दुसऱ्याची चेष्टा करायला वापरू नये. परगावाहून आलेल्या लेकरांना...

"आमेन," रूथ म्हणाली. मध्येच, मोठ्यानं.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना तेवढंच ऐकू आलं. त्यांनीही मनापासून आमेन म्हटलं आणि भाकरीकडे हात नेला. अविनाश ताटात बघत पुटपुटला, "प्रार्थना होती का पालकसभा?"

रूथ तोवर उठली होती. "मम्मी, मला बोलायचंय तर मला बोल ना. देवाला मधे कशाला घेतेस?"

मला आधी तिच्या उद्धटपणाचाच राग आला. मागचं आवरताना मात्र माझी प्रार्थना आठवायला लागले... त्यात देवासाठी एकही वाक्य नव्हतं.

माझ्या माहेरी, सांगलीला, पप्पांचंही असंच असायचं. आपला गुन्हा काय ते आम्हा भावंडांना प्रार्थनेतूनच कळायचं. डोळे किलकिले करून आम्ही एकमेकांकडे बघायचो, आज कुणाचा नंबर लागलाय. इतकी वर्षं मी त्याला संस्कार म्हणत आले. पण डोळे मिटले की मुलाचा चेहरा बघावा लागत नाही, आणि प्रार्थनेत मूल उलट बोलू शकत नाही... ही सोय मला हवी होती का? हवी होती.

एक मात्र मनाशी पक्कं केलं. माझं चुकलं म्हणून तिचं बरोबर ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसले. आधी माझं सांगितलं, की कालची प्रार्थना नव्हतीच, तो टोमणा होता. ती जरा सैलावली. मग म्हटलं, आता तुझं. तिनं बरीच कारणं दिली. सगळेच करतात, ट्यूशनला मी लावली नव्हती, क्लिप डिलीट करते, देवाकडे माफी मागते...

"माग. पण चेष्टा तू देवाची केली नव्हतीस," मी म्हटलं. "स्वातीकडे जायचं. मी सोबत येईन, बोलायचं तू."

ती खूप रडली. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे गं, लेकरू आहे. मलाही वाटत होतं, ताणतेय का मी? पोर कायमची दुरावली तर? तरी मागे हटले नाही.

शनिवारी होस्टेलवर गेलो. मी गेटजवळच्या बाकावर बसले, रूथ दारात आलेल्या स्वातीकडे गेली. मनात प्रार्थना सुरू केली आणि लक्षात आलं, रूथनं नेमकं काय बोलावं तेच मी देवाला सांगतेय. थांबले.

रूथचं बोलणं मला ऐकू आलं नाही. स्वातीचं आलं.

"तू आता सॉरी म्हणतीस. पर माझ्या तोंडातनं शब्दच निघंना झालाय, त्याचं काय करू?"

रूथ तिथून निघाली नाही. शेवटी स्वातीच आत गेली.

परत येताना पोवई नाक्यापाशी रूथ म्हणाली, "तिनं माफ नाही केलं." करायलाच पाहिजे असं नाही, मी म्हटलं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "सोमवारी ट्यूशनला सगळ्यांसमोर सांगू का, क्लिप माझी होती म्हणून?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. भीती वाटते का, एवढंच विचारलं.

"लय वाटते."

सोमवारी ती बोलली. काही जण हसले, आता हिचीच नक्कल निघालीय म्हणे. स्वाती अजून मोकळी झालेली नाही. रूथ रोज तिच्या बाकापाशी जाते, काहीतरी विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. कधी येतं, कधी नाही.

हे सगळं रूथला वाचायला देऊनच इथे टाकतेय.

लेकीला जे सांगायचं ते आता मी लेकीलाच सांगते, तिच्याकडे बघून, तिचं उलट उत्तर ऐकून घेत. मग प्रार्थनेला बसतो. प्रार्थना फार छोटी झालीय, सासूबाईंची तशी तक्रारही आहे... पण जी काही उरलीय त्यात मी बहुतेक स्वतःसाठीच काहीतरी मागत असते.