बंद विभागाची साइट

आमच्या विद्यापीठाच्या चाळीसएक वेबसाइट्स मी सांभाळतो. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रत्येक विभागाची साइट वेगळी, पण सगळ्यांच्या खाली प्रणाली एकच, ओपन-सोर्स. म्हणजे फुकट. आमच्या वरिष्ठांना तिच्याबद्दल एवढंच माहीत आहे. एक अपडेट चुकलं की सगळ्या साइट्स एकदम आडव्या होतात आणि मग विभागप्रमुखांचे फोन सुरू. कुणाला अभ्यासक्रमाची काळजी नसते. आपला दीपप्रज्वलनाचा फोटो का दिसत नाही, एवढंच विचारायचं असतं.

काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या विभागाच्या साइटवरून कुणीतरी आत शिरलं. तिथला पासवर्ड विभाग बंद झाल्यावरही तोच राहिला होता. सकाळी येऊन बघतो तर परीक्षा विभागाच्या पानावर निकालाऐवजी मर्दानी ताकदीच्या गोळ्या. मेमो मला मिळाला. ज्यांनी पासवर्ड गावभर वाटला होता, त्यांना साधं विचारलंही नाही कुणी.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी नियमच लिहून काढला: विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र आणि त्यावर कुलसचिवांची सही असल्याशिवाय कुठलीही साइट सुरू करायची नाही. समितीने तो जसाच्या तसा मंजूर केला आणि मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्या बंद विभागाची साइट मी तेव्हाच बंद केली. आतलं काही पुसलं नव्हतं, फक्त प्रणालीतल्या यादीत तिच्यापुढे एक खूण केली होती. पण बाहेरून कुणी उघडली की इंग्रजीत एकच ओळ दिसायची, की ही साइट संग्रहित किंवा निलंबित केलेली आहे. ती ओळ माझी नव्हे, प्रणालीबरोबरच येते. ती कोण वाचेल, याचा मी विचार केला नव्हता.

वर्षभराने एक मुलगी ऑफिसात आली. उरणच्या बाजूच्या गावातली, घरची मिठागरं कधीच गेलेली. तिने त्याच विभागातून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता. आखातातल्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती, पण तिथले लोक कोर्स खरा आहे का हे साइटवर बघतात, आणि त्यांना तिथे ‘निलंबित’ दिसलं होतं.

“सर, त्यांना वाटतं आमचा कोर्सच बोगस हाय. तुमी फक्त चालू करा ना.”

“विभागप्रमुखांचं पत्र आण.”

“विभागच नाय राहिला, सर. प्रमुख कुठून आणू?”

तिचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला राग आला. मी नियमाची प्रत काढून तिच्या हातात दिली.

आठवड्याने ती पत्र घेऊन आली. जुने विभागप्रमुख निवृत्त होऊन करंजाड्याला राहतात, त्यांना तिने शोधून काढलं होतं. पत्र साध्या कागदावर, थरथरत्या अक्षरात. मी लेटरहेड नाही म्हणून परत केलं. “अहो, त्यांना लेटरहेड कोण देणार आता?” शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, पुढचा मेमो तुम्ही घेणार असाल तर देतो उघडून.

तिसऱ्यांदा आली ती कुलसचिवांच्या ऑफिसातून. त्यांनी सांगितलं होतं, हे वेबसाइटवाल्यांचं काम. मी म्हणालो, आधी त्यांची सही. ही टोलवाटोलवी मला कळत नव्हती असं नाही. चांगली कळत होती. मी त्यांना एक फोन करू शकलो असतो, पण केला नाही. माझा मेमो मी एकट्याने भोगला होता, आता जरा इतरांनीही हेलपाटे घालावेत असं वाटत होतं. त्या इतरांमध्ये हीच एक पोरगी होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

शेवटी ती सही घेऊन आली. कुलसचिवांच्याच ऑफिसचं लेटरहेड, जावक क्रमांक, शिक्का, सगळं. मी तिला खुर्ची दिली. प्रणालीत शिरलो, साइट्सची यादी उघडली, त्या विभागापुढची खूण काढली. साइट सुरू झाली. अभ्यासक्रम, तासिका, पांढऱ्या कोटांतल्या तिच्या बॅचचा फोटो, सगळं जागच्या जागी होतं.

“आता कळव त्यांना,” मी म्हणालो.

“त्यांनी सोमवारी दुसरी घेतली, सर.”

“मग आज कशाला आलीस एवढ्या उन्हाची?”

“आमच्या बॅचच्या अजून दोघी अर्ज करतायत. त्यांना लागल.”

ती उठली नाही. स्क्रीनकडे बघत होती, मग माझ्या हाताकडे, माऊसवर होता त्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

“सर, एवढंच करायचं होतं?”

मेमो, समिती, त्या गोळ्यांच्या जाहिराती, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

“हो,” मी म्हणालो.