अठरा मोटारींची मोनाली

आमच्या कळंबकडच्या शिवारात वायरमन म्हणून पोरगी आली, तवा पहिला मी बोंबललो. "ही खांबावर चढंन का?" मोनाली तिचं नाव. बाप लोहारा गावच्या कारखान्यात मजूर, ही आयटीआय शिकलेली. तिनं माहं ऐकलं, कमरेले पट्टा बांधला, सरसर वर गेली अन् वरूनच म्हणाली, "काका, आणखी काही शंका?" झालं! तवापासून मले तिचा रागच. मोठ्या माणसाशी असं बोलावं का?

पण कामाची मोठी खमकी. रोज सकाळी डीपीची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरची, अशी विचारपूस करते, जशी घरची म्हैस व्याले झाली.

यंदा पौषात गारठा असा पडला की बादलीत हात घालवत नव्हता. गहू ओंबीवर, हरभरा घाट्यावर, सगळ्यांले पाणी एकाच वेळी पाहिजे. अन् एका डीपीवर पाण्याच्या अठरा मोटारी. आता तुम्हीच सांगा, अशा हिवात सकाळी वावरात कोण जाते? म्हणून जो तो मोटरच्या पेटीत ऑटो नावाची डबी लावून ठेवे. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, मालक गोधडीत. पण साऱ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीचा जीव जाते. महिन्यात दोनदा जळली. तिसऱ्यांदा जळली तर दुसरी याले पंधरा दिवस, तोवर अख्ख्या शिवाराचा गहू पोचट.

मोनालीनं सगळ्यांले डीपीपाशी बोलावलं, शेकोटी पेटवली. "ऑटो काढा. मी दहा दहा मिनिटांनी नंबर पुकारीन, तवाच ज्यानं त्यानं जाऊन बटन दाबायचं." आम्ही अठराही जणांनी चिंतामणी गणपतीची शपथ घेतली. सगळ्यात मोठ्यानं मी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठले लाइन आली. सारे पुन्हा शेकोटीपाशीच, एकही जागचा हलला नाही. अन् माह्या वावरात मोटर सुरू! पाइपातून धो धो पाणी.

"काहून हो सदाशिवराव?" कपिल माह्यावर ओरडला, तेवढ्यात त्याचीही सुरू. मग देवीलालची. मग कोणाकोणाची सांगू! अगा बाप्पा, चारी बाजूनं पाणीच पाणी. डीपी घोंगावाले लागली. मोनालीनं धावत जाऊन हँडल खाली ओढलं. सगळं चिडीचूप. वाचली डीपी, थोडक्यात वाचली.

मले वाटलं, आता ही आमचा उद्धार करते. तर पोरगी मटकन खाली बसून खो खो हसून राह्यली! हसू आवरल्यावर टोपलं पुढे केलं. "आणा साऱ्यांनी ऑटो यात." गेलो ज्याच्या त्याच्या पेटीपाशी. सतरा डब्या जमल्या. एक मैनाबाईच साव. "मले कायले लागते ऑटो? माहं घरच वावरात हाये," म्हणाली. तिचा पहिला नंबर लागला, माहा अठरावा.

बारा वाजले. सतरा मोटारी चालू, डीपी शांत. मोनाली माह्या पेटीपाशी येऊन उभी राह्यली. मी बटनावर बोट ठेवलं अन् हात थरथरला. आता माह्याच मोटरनं जळली तर? दाबलं. पाणी आलं, गव्हात शिरलं, डीपीले काही झालं नाही.

"काका, हिव वाजून राह्यलं का?" तिनं विचारलं.

"हो," म्हणालो. ऊन चांगलं चढलं होतं, सदरा पाठीले चिकटला होता. खरं सांगतो, पोरीपुढे लाज वाटून राह्यली होती.