तारेच्या बुडाशी

प्रागमधल्या माझ्या गॅलरीत, उन्हानं तापलेल्या कुंडीला पाणी घातलं की मातीचा वास येतो आणि मी थेट डोणगावच्या अंगणात जाऊन पोचतो.

इथल्या रेडिओवरून भारतासाठी हिंदी बातम्या वाचायला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. पहिल्यांदाच सुट्टीवर गावी गेलो, ते नेमकं दुष्काळाचं वर्ष. विहीर आटलेली. आई दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणायची. अंगणाला भेगा पडल्या होत्या. फक्त भिंतीशी, आमच्या रेडिओची अर्थिंगची तांब्याची तार जमिनीत पुरली होती तिथे, वीतभर हिरवंगार गवत. आणि आई तिथेच तांब्या रिता करत होती.

मी ओरडलोच, "माय, प्याले पाणी नाही अन् इथं काऊन वतून राह्यली?"

"प्याचं नोहे बापा, माह्या आंघोळीचं हाये," ती म्हणाली. "माह्यं आंग पुसलं का भागते. तार कोरडी पडली का तुहा आवाज खरखरते."

बातम्यांतलं तिला फारसं कळायचंही नाही. मला तर तेव्हा तिच्या अडाणीपणाचा रागच आला होता.

निवृत्तीच्या दिवशी इथल्या सहकाऱ्यांनी माझ्या खणखणीत आवाजाचं फार कौतुक केलं. मी मान लववून ऐकून घेतलं. त्या आवाजासाठी डोणगावात एक बाई उन्हाळाभर बिनआंघोळीची राहिली होती, हे सांगायला मात्र तो फुटेना.