वाकून जाणाऱ्या आम्ही दोघी

माझी मुलगी रेखा परदेशातल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम घरी बसूनच शिकते. दुपारी वर्ग भरला की लॅपटॉपवर देशोदेशीची मुलं आपापल्या चौकटीत येऊन बसतात. आमच्या स्वयंपाकघराची वाट नेमकी तिच्या पाठीमागून जाते. माझ्यामुळे तिला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन, अगदी वाकून जाते.

"आई, चोरसुद्धा एवढा वाकत नाही गं!" रेखा हसते.

"तुझे सर बघतील ना."

आजही चहा घेऊन तशीच निघाले होते. सहज पडद्याकडे पाहिलं. एका परदेशी मुलीच्या मागून एक बाई धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन, थेट माझ्यासारखीच वाकून चालली होती. तिच्या खिडकीत अजून उजाडत होतं. मी चौथी शिकलेली. तिचा देश मला नकाशात सापडायचा नाही. पण तिला कशाची धास्ती आहे ते मला लगेच कळलं.

मला हसू आलं. तेवढ्यात तिनेही वर पाहिलं आणि तीही हसली.

"आई, तू दिसतेयस," रेखा हळूच म्हणाली.

"दिसू दे," म्हटलं, आणि चहा तिच्यापुढे ठेवून सरळ उभ्यानेच आत गेले.